लकव्याची खोली आणि दहाचा भागाकार

माझ्या बोलण्याला दहानं भागायचं, असा आमच्या घरचा नियम होता. तो मी केला नव्हता, बायकोनं केला होता. चार माणसांत मी रंगात आलो की ती माझ्या पाठीमागं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि दोन्ही हातांची बोटं पसरून पाहुण्यांना दाखवायची. दहा. म्हणजे भागा. मी सांगत असायचो की त्या वर्षी भिलाईत असं ऊन पडलं, असं ऊन पडलं, की सिविक सेंटरच्या चौकात कोंबडीनं अंडं दिलं ते उकडलेलंच निघालं. पाहुणे माझ्या खांद्यावरून मागं बघत पोट धरून हसायचे. मला वाटायचं, गोष्ट जमली. ही बोटांची भानगड मला फार वर्षांनी कळली.

तेव्हा वाचकहो, पुढं जे लिहितोय त्यालाही हवं तर दहानं भागा. तरी पुष्कळ उरेल.

मी फिजिओथेरपिस्ट. आज गल्लोगल्ली पाट्या दिसतात, पण तेव्हा माझ्या सासऱ्यांनासुद्धा जावई नेमका काय करतो हे अक्षता पडेपर्यंत उमगलं नव्हतं.

"डॉक्टर हाय का?"

"नाही."

"मंग कंपाउंडर?"

"तेही नाही. मी लकवा झालेल्या माणसांना हात धरून चालायला शिकवतो."

"म्हंजे अंगणवाडी हाय म्हना ना!"

खोटं नव्हतं ते. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत एका ट्रस्टचं इस्पितळ होतं, त्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली. तिच्यात कमरेइतक्या उंचीच्या दोन समांतर दांड्या, एक उभा आरसा, वाळूच्या पिशव्या आणि मी. दारावर इंग्रजीत लांबलचक पाटी होती, पण सगळी भिलाई तिला लकव्याची खोली म्हणायची. छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधीचे, मध्य प्रदेशाचे दिवस. राजधानी तिकडं भोपाळला, आमची भाषा भंडाऱ्याची, बाजारातली हिंदी, आणि पलंगावरचा पेशंट छत्तीसगढीत विचारायचा, "मोर हाथ कब रेंगही, बाबू?" म्हणजे माझा हात कधी चालेल. मी सांगायचो, हात नाही रेंगत दादा, पाय रेंगतात. तेवढ्यावर तो हसायचा, आणि त्या हसण्यात तोंडाची कोणती बाजू उचलली जाते ते मी बघून घ्यायचो. आमच्या धंद्यात विनोदसुद्धा तपासणी असते.

लकवा म्हणजे काय, हे साध्या भाषेत सांगतो. मेंदूत रक्ताच्या नळ्या असतात. त्यातली एखादी तुंबते, नाहीतर फुटते. तेवढ्या भागाचा मेंदू बंद पडतो आणि त्याच्या ताब्यातलं अंग लुळं होतं. डावीकडचा मेंदू गेला तर उजवं अंग जातं, आणि बहुतेकांचं बोलणंही जातं, कारण बोलण्याचं ऑफिस डावीकडं असतं. लोकांना हे पटायचं नाही. त्यांच्या मते 'हवा लागली'. हवेवर उपाय काय? तर कबुतराचं रक्त! लुळ्या अंगाला गरम गरम चोळायचं. माझ्या पहिल्या काही वर्षांत कॅम्प-१ मधली कबुतरं इतकी संपली की उरलीसुरली जीव घेऊन जामुलच्या सिमेंट कारखान्यावर राहायला गेली आणि तिथल्या धुळीनं पांढरी झाली. नंतर लोक त्यांना शांतीची कबुतरं म्हणू लागले. (भागा.)

मी लागलो तेव्हा लकवा हा म्हातारपणाचा पाहुणा होता. यायचा तो यजमानाला घेऊनच जायचा. माझ्या खोलीपर्यंत पोचणारे थोडे. पण बघता बघता चित्र पालटलं. गोळ्या चांगल्या आल्या, लोक पेशंटला खाटेवरून न्यायच्या ऐवजी गाडीतून आणू लागले, आणि जी माणसं पूर्वी गेली असती ती वाचू लागली. वाचली की माझ्याकडं यायची. मरण एक पाऊल मागं सरकलं, लकवा मात्र तिथंच उभा राहिला. उलट एक पाऊल पुढं आला. साठीचे पेशंट पन्नाशीचे झाले, पन्नाशीचे चाळिशीचे.

आमचे घोषालसाहेब, मोठे डॉक्टर, बंगाली माणूस, त्यांच्याकडं विलायतेची मासिकं येत. चहाच्या वेळी ते एखादा आलेख उघडून माझ्यापुढं धरत.

"देखो. वहाँ का ग्राफ नीचे जा रहा है. मरने वाले कम, होने वाले भी कम. लोग प्रेशर नपवाते हैं, नमक कम खाते हैं. और हमारा ग्राफ किधर है?"

मी म्हणायचो, "अपना ग्राफ तो बाहर बेंच पर बैठा है, साहब."

बाहेरच्या बाकावर खरंच जागा नसायची.

मिठाचं सांगतो, कारण ती चूक आमच्याच लोकांनी करावी अशी होती. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून घामाच्या धारा लागतात, त्याच्याबरोबर मीठ जातं, म्हणून त्याला मिठाच्या गोळ्या नाहीतर मीठ घातलेलं पाणी मिळायचं. ठीकच होतं. पण आमच्या माणसानं त्याचं व्रत केलं! मीठ म्हणजे ताकद, हे डोक्यात बसलं. भट्टी सुटली, बदली होऊन तो पंख्याखाली स्टोअरमध्ये बसला, तरी ताकात मूठ, बासीत मूठ, वर तोंडी लावायला लोणचं. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात तो. मी एकाला म्हटलं, "बापू, तुम्हाला कापला तर लोणच्याच्या बरणीत घालायची गरज नाही, असेच वर्षभर टिकाल." तो खूश होऊन बायकोला म्हणाला, "आयकलं? साहेब म्हनते टिकीन म्हनून!"

अशाच मिठाच्या पेशंटांपैकी एक डोमाजी. त्याच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

डोमाजी आमच्या भंडाऱ्याकडचा, जामुलच्या वाटेवरच्या एका ढलाईच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. छताला लागून केबिन, तीत हा बसलेला, आणि खाली उकळत्या लोखंडाचं घमेलं हुकाला लटकलेलं. आवाज असा की केबिनमधून शिंकला तर खालचे लोक छत्री उघडत. दिवाळीनंतर गावाकडं मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथं दंडार होते, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं गाण्याबजावण्याचं नाटक. डोमाजी दरसाल सुटी घेऊन त्यात नाचायचा आणि गायचा. चाळिशी नुकतीच ओलांडलेली.

त्याला आणलं तेव्हा सोबत फक्त त्याची बायको होती. मी कागद पुढं ओढून विचारलं, "पेशंटचं नाव?"

तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"वहिनी, नाव सांगा."

"यायलेच इचारा ना."

तिचे 'हे' स्ट्रेचरवर बेशुद्ध! शेवटी बाहेर जाऊन शेजाऱ्याला धरून आणावं लागलं. स्वतःचं नाव तिनं चटकन सांगितलं. कौतिका.

डोमाजी वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सगळं नव्हे. एक शब्द उरला, "आरिया." क्रेनचा हुक खाली सोडायचा असला की खालचा खलाशी, म्हणजे हेल्पर ओरडतो, "आरिया!" आयुष्यभर कानावर आदळलेला तेवढाच शब्द जिभेला चिकटून राहिला. चहा घेणार? आरिया. दुखतंय का? आरिया. घोषालसाहेबांनी गुड मॉर्निंग म्हटलं की, आरिया! साहेब गंभीरपणे मान लववायचे, जणू बंगालीतही तसंच म्हणतात.

कळत त्याला सगळं होतं, पण ओठातून एकच हुक खाली यायचा.

मी कामाला लागलो. या कामात घाई करणारे नातेवाईक सगळ्यात घातक. लुळ्या हाताला धरून पेशंटला उठवायचं नाही, खांदा निखळतो, हे मी जितक्या वेळा ओरडलो तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आज माझा पुतळा असता. कौतिका मात्र एकदा सांगितलं की पक्कं धरायची. त्याचा पाय तिच्या पायावर ठेवून दांड्यांमधून त्याला चालवायची. मी बाजूनं ताल धरायचो. एक दिवस कंटाळा घालवायला मी दंडारीतल्या चालीवर नुसतंच गुणगुणलो, आणि डोमाजीनं गाणं उचललं. शब्दांसकट! स्वच्छ! आरसासुद्धा चपापला.

कौतिका त्याला धरूनच ओरडली. "बोलले! हे बोलले!"

मी विचारलं, "डोमाजी, पाणी पाहिजे?"

"आरिया."

घोषालसाहेबांनी समजावलं की गाण्याचं बिऱ्हाड मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतं, ते शाबूत आहे. पाठ असलेलं, तालातलं येईल. मनातलं येणार नाही, निदान इतक्यात तरी. मग आम्ही चालताना गाऊ लागलो. आमच्या खोलीतून अशी गाणी ऐकू यायची की बाहेरून जाणारे लोक लग्नघर समजून आहेराचं पाकीट घेऊन आत यायचे.

दिवस गेले, आणि कारखान्याचं बोलावणं आलं. डोमाजीला मेडिकल बोर्डापुढं उभं राहायचं होतं. क्रेन तर गेलीच होती. प्रश्न इतकाच होता, त्याला समजतं का? समजत असेल तर टूल रूममध्ये बसून पाने-हातोड्या देण्याघेण्याचं हलकं काम. नसेल तर अनफिट, घरी. आणि घरी म्हणजे गावी, जिथं धानाची दीड बांधी, म्हणजे दीड भातखाचर, आणि तिच्यावर तीन भाऊ.

कौतिका माझ्या घरी आली. मी नेहमीच्या थाटात म्हणालो, "वहिनी, बोर्ड काय चीज आहे? मी असा बोलेन की ते डोमाजीला मॅनेजर करून पाठवतील!" मागं स्वयंपाकघराच्या दारात हालचाल झाली आणि कौतिका त्या दुःखातही फिसकन हसली. मग आमची मंडळी पुढं येऊन तिला म्हणाली, "यायच्या बोलन्यावर जाऊ नको बाई. मी येतो तुह्यासंगं."

बोर्डात तिघे. कारखान्याचे डॉक्टर, एक इंजिनियर, आणि पर्सोनेलचे एक धिप्पाड साहेब, मिशीला तूप लावलेले. डोमाजी मधल्या खुर्चीवर, मी त्याच्या बाजूला, आणि दोन्ही बायका दाराशी उभ्या.

"खिडकी कहाँ है?" डॉक्टरांनी विचारलं.

डोमाजीनं डाव्या हातानं दाखवली. "आरिया."

"आपका नाम?"

"आरिया."

"ये हथौड़ा है या पाना?"

हातोडी उचलून टेबलावर ठेवली. "आरिया." मला वाटलं, जिंकलो.

"आपकी पत्नी का नाम क्या है?"

डोमाजी गप्प. मान खाली. 'आरिया'सुद्धा नाही.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. मिशीवाले साहेब हळहळले, मनापासून. "बेचारा. बीवी को ही भूल गया. टूल कैसे याद रखेगा?"

दाराशी कौतिकाच्या तोंडातून आवाज निघाला, उकळत्या चहाचं भांडं उतरवताना चटका बसावा तसा. तिला वाटलं, खरंच विसरले. इतके महिने ज्याचा पाय पायावर घेतला, त्याच्या डोक्यात आपण नाहीच.

मी मात्र डोमाजीचे कान पाहिले. लालबुंद! अगदी शेंड्यापर्यंत. मी उभा राहिलो.

"साहब, ये भूला नहीं है. ये शरमा रहा है."

"शरमा रहा है? चालीस साल का आदमी?"

"हमारे में मर्द बीवी का नाम नहीं लेता, साहब. चार लोगों में तो बिलकुल नहीं. बाकी हर सवाल पर इसने आरिया बोला. इसी पर चुप क्यों? जिसको समझता नहीं, वो शरमाता भी नहीं."

इंजिनियर हसू लागला. डॉक्टर विचारात पडले. मिशीवाले म्हणाले, "दलील अच्छी है. पर कुछ तो बोले."

ते तर त्याला येत नव्हतं. माझं अख्खं वक्तृत्व संपलं, आणि हे वाक्य भागायची गरज नाही. तेवढ्यात दारातून आवाज आला. आमची मंडळी.

"अवो, इचारून काय राहिले? नाव घ्याले लावा ना! लग्नात घेतलं होतं तसं!"

उखाणा! तालातला, पाठ असलेला, आणि चार माणसांत बायकोचं नाव घ्यायचा आपल्यात परवानगी असलेला एकमेव मार्ग. मी आयुष्यभर लकव्याचं शिकलो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी बोर्डाच्या टेबलावर दंडारीचा ठेका धरला. शाईची दौत नाचू लागली.

"डोमाजी, नाव घ्या!"

त्याचे ओठ हलले. "आ..."

"नाव घ्या, लाजू नका!" दोघी बायकांपैकी माझी जोरात ओरडली. कौतिका भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"धा... धाना... धानाच्या..." आणि मग बांध फुटला. क्रेनच्या केबिनमधला तो जुना आवाज, अर्ध्या तोंडानं, पण चालीत:

"धानाच्या बांधीत पानी, पान्यात चमके मासोळी,
कौतिका आली घरात, रोजच माही दिवाळी!"

मिशीवाल्यांना अर्थ कळला नव्हता, पण मधला शब्द कळला होता. त्यांनी पुढ्यातल्या कागदावर बोट ठेवून वाचलं, "कौतिकाबाई. सही है." आणि स्वतःच टाळी वाजवली.

कौतिका पदरात तोंड घालून रडत होती आणि मधूनच म्हणत होती, "एवढं बिमार पडा लागलं यायले, माह्यं नाव घ्याले."

डोमाजी टूल रूममध्ये लागला. निवृत्तीपर्यंत डाव्या हातानं पाने दिले. हळूहळू दहावीस शब्द परत आले, पण पाना देताना 'आरिया' म्हणायचा ते म्हणायचाच. पुढं तो गावी गेला आणि एका मंडईच्या वेळी, खुर्चीवर बसून दंडार बघता बघता गेला, असं कळलं. दुसरा झटका.

त्या दिवशी बोर्डातून परतताना आम्ही दोघं ऑटोत होतो. कारखान्याच्या भोंग्यामागून भोंगे वाजत होते, पाळी सुटत होती, रस्ताभर सायकलींचा पूर. बायको म्हणाली, "तिचं तरी घेतलं बाई. तुमी कई घेतलं माह्यं नाव? लग्नातबी खोकलून पळाले होते."

"घेईन की," मी म्हटलं. "मला लकवा झाला की घेईन."

"तवरिक मी राहीन का?"

ऑटोवाल्यासकट आम्ही तिघं हसलो.

आता नागपूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. शिवनाथ नदी मागं राहिली, खिडकीतून भट्टीचं तांबडं आभाळ दिसत नाही, पाळीचा भोंगा नाही, त्यामुळं किती वाजले ते मला घड्याळ बघूनसुद्धा खरं वाटत नाही. लकव्याच्या खोलीच्या जागी काहीतरी वेगळं झालंय म्हणे. मला ती खोली पाहिजे. तो घामाचा, तेलाचा आणि डेटॉलचा वास पाहिजे. पहिल्यांदा दांडी सोडून उभा राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं ते चोरट्या पोरासारखं हसू पाहिजे. पेपरात वाचतो की जगभर लकव्यानं मरण्याचं प्रमाण खाली आलं, पण एकूण लकवे वाढले, आणि ते आमच्यासारख्या देशांत, कमी वयात. वाचून वाटतं, घोषालसाहेबांना फोन लावावा आणि म्हणावं, साहब, तो बाकच आता सगळ्या दुनियेत पसरलाय.

आलेख खाली जातो तो सगळ्यांचा मिळून. एका घराला आलेख नसतो. आमच्या घरी मीठ मोजून पडायचं, प्रेशर वेळेवर बघितलं जायचं, गोळी एकदाही चुकली नाही. आणि एका दुपारी बायको पोळ्या लाटता लाटता ओट्याशी कलली. उजवं अंग. बोलणं.

इस्पितळात मी पलंगाशी बसून होतो. सगळं आयुष्य हेच काम केलेला माणूस, आणि मला तिचा हात कुठं धरावा ते आठवेना. डॉक्टर, नर्स, मुलगा, सून, सगळे भोवती. ती डोळे उघडून माझ्याकडं बघत होती. मी गाणं म्हणून पाहिलं, तिनं उचललं नाही. मग मी पलंगाच्या लोखंडी दांडीवर ठेका धरला आणि चार माणसांत, मोठ्यानं, न खोकता नाव घेतलं:

"शिवनाथ आणली ओंजळीत, चंद्र ठेवला उशाशी,
कुसुम असता घरामधी, मी कशाला जाऊ काशी!"

नर्स हसली. सून तोंड फिरवून रडू लागली. कुसुमचा डावा हात चादरीवरून हळूहळू वर आला. मला वाटलं माझा हात मागतेय, मी पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला. नर्सेकडं बघितलं, आणि हाताची बोटं एकेक करून पसरली.

दुसरा हात उचलत नव्हता. त्यामुळं पाच.

जन्मभरात पहिल्यांदा तिनं मला पाचानंच भागलं.